दर्या की दऱ्या?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो आणि पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो. मराठी घेऊन बी.ए. झालो, १९९० साली जिल्ह्याच्या गावी वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पुढच्याच वर्षी एका सहकारी संस्थेत चिकटलो. तेव्हापासून आजपर्यंत व्याज, हप्ते, पगारपत्रकं, ऊसबिलं यांचे प्रोग्रॅम लिहीत आलोय. आधी कोबोलमध्ये, मग फॉक्सप्रोमध्ये, मग आणखी कशाकशात. ऑफिसातली तरुण पोरं विचारतात, "सर, तीस वर्षांहून जास्त झाली. अजून कंटाळा कसा येत नाही?"

खरं सांगू का, नव्या फोनचं मला फारसं कौतुक नाही. तो पुढच्या वर्षी जुना होतो. मला अजूनही रात्री जागवतात त्या वेगळ्या गोष्टी. ज्यांच्यामुळे एखादी हरवलेली, मुकी झालेली माहिती पुन्हा बोलायला लागते, अशा. आणि गंमत म्हणजे यातल्या बहुतेक युक्त्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आहेत. कित्येक वर्षं त्या अडगळीत पडल्या होत्या. यंत्रं स्वस्त झाली, वेगवान झाली, आणि त्यांचे दिवस आले. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एका फ्लॉपीची गोष्ट सांगतो.

अम्मीचा प्रश्न

माझ्या अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आम्ही दखनी बोलतो. पण अम्मी जात्यावर बसली की तिच्या तोंडी मराठी ओव्या यायच्या. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. शेजारणींबरोबर दळता दळता शिकलेल्या आणि काही स्वतः जुळवलेल्या अशा शेकडो ओव्या तिला पाठ होत्या. थोरल्या आपानं त्या एका वहीत उतरवल्या होत्या. ती वही एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ली.

१९९४च्या दिवाळीच्या सुट्टीत साहेबांची परवानगी काढून मी अम्मीला ऑफिसात घेऊन गेलो. ती खुर्चीवर पदर सावरून बसली. जातं नाही म्हणून आधी आठवेचना. मग हात गोल फिरवत एकेक सांगू लागली आणि मी टाइप करत गेलो. चार दिवसांत २१२ ओव्या झाल्या. सव्वापाच इंची फ्लॉपीवर त्या उतरवल्या आणि फ्लॉपी तिच्या हातात दिली. ती उलटसुलट करून बघत तिनं विचारलं, "इसमें रखे सो फिर मिलेंगा क्या रे?"

मी ऐटीत म्हणालो, "अम्मी, कागज सड़ जाएगा, ये नहीं."

अम्मी २००३ साली गेली. तिच्यामागे काही वर्षांनी फ्लॉपी काढून बघितली, तर तोवर ती घालायला यंत्रच उरलं नव्हतं. एका जुन्या यंत्रात घालून पाहिली, तर 'वाचता येत नाही' एवढंच उत्तर आलं. वाळवीनं वही खाल्ली होती. फ्लॉपीला तर वाळवीचीही गरज लागली नाही.

चुंबकाची नाडी

मग गेल्या काही वर्षांत एक गोष्ट कळली आणि मी पुन्हा विद्यार्थी झालो.

फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकची पातळ चकती, तिच्यावर चुंबकीय लेप. माझ्या प्रकारच्या फ्लॉपीवर दोन्ही बाजू मिळून १६० वर्तुळाकार वाटा असतात, प्रत्येक वाटेवर १५ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात ५१२ अक्षरांची जागा. गुणाकार केला तर २४०० कप्पे आणि सव्वाबारा लाखांहून थोडी जास्त अक्षरं. प्रत्येक कप्प्याच्या शेवटी एक ताळ्याचा आकडा असतो. रोजकीर्दीच्या पानाखाली बेरीज मांडतात ना, तसाच. ही पद्धत १९६१ साली वेस्ली पीटरसन या गणितज्ञानं मांडली. वाचलेल्या मजकुराचा हिशेब त्या आकड्याशी जुळला नाही, की जुनं यंत्र अख्खा कप्पाच नाकारतं. एक अक्षर पुसट झालं म्हणून सगळं पानच फाडून टाकावं, तसा प्रकार.

आता तळहातावर मावेल असं एक छोटं सर्किट मिळतं. त्याचा आराखडा खुला आहे, कुणीही बनवू शकतो. ते जुन्या ड्राइव्हला जोडायचं. ते मजकूर वाचण्याच्या फंदातच पडत नाही. चकती फिरताना चुंबकाची दिशा केव्हा केव्हा पालटली, तेवढ्या वेळा टिपून ठेवतं. दोन पालटांमधलं अंतर २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद असावं लागतं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. वैद्यानं आधी नाडी बघावी आणि रोगाचं नाव मागाहून ठरवावं, तसं हे काम. एकच वाट वीसदा वाचायची, पुसट ठिकाणी कोणता ठोका जास्त वेळा ऐकू आला ते पाहायचं आणि मग अर्थ लावायचा.

माझ्या फ्लॉपीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. माझी भाची इंजिनिअर आहे. तिनं मऊ कापडाला स्पिरिट लावून चकती हळूहळू पुसून घेतली. ओव्यांची फाइल ४८ कप्प्यांत पसरली होती. पहिल्या वाचनात त्यातले ७ कप्पे गेलेले दिसत होते. दोन रात्रींनंतर २च उरले.

त्या रात्री मला व्हॉयेजरची आठवण झाली. १९७७च्या सप्टेंबरमध्ये सुटलेलं 'व्हॉयेजर १' हे यान २०२३च्या नोव्हेंबरमध्ये अचानक अर्थहीन माहिती पाठवू लागलं. ते आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटर दूर. एक निरोप पोचायलाच साडेबावीस तास आणि उत्तर यायला पुन्हा तेवढेच. नासाच्या लोकांनी यानाच्या स्मृतीची नक्कल मागवली, ती ओळीनं वाचली आणि एक चिप निकामी झाल्याचं शोधून काढलं. त्या चिपवरचा प्रोग्रॅम मग तुकडे करून बाकीच्या स्मृतीत जिथं सापडेल तिथं बसवला. २०२४च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. जवळपास पन्नास वर्षांपूर्वीचं यंत्र, नुसत्या वाचनाच्या जोरावर दुरुस्त केलेलं! ज्याला प्रोग्रॅमिंग रुक्ष वाटतं, त्याला मी ही बातमी वाचून दाखवतो.

यंत्राच्या पोटातलं यंत्र

फाइल हाती आली, पण ती उघडायची कशात? ती लिहिली होती विंडोज ३.१ नावाच्या १९९२ सालच्या प्रणालीवर. तसा संगणक भंगारातही सापडेना.

इथं कामाला आली १९३६ सालची एक कल्पना. अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं तेव्हा एका निबंधात दाखवून दिलं, की एखाद्या यंत्राचं वर्णन नियमांच्या भाषेत लिहून दिलं, तर दुसरं पुरेसं हुशार यंत्र त्याची हुबेहूब नक्कल करू शकतं. त्या काळी आजच्यासारखा एकही संगणक अस्तित्वात नव्हता! पुढे १९६४ साली आयबीएमनं 'सिस्टीम ३६०' ही नवी मालिका आणली, तेव्हा गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न होता, आमच्या जुन्या प्रोग्रॅमचं काय? म्हणून त्या मालिकेतल्या लहान यंत्रांना जुन्या '१४०१' यंत्राचं सोंग घेण्याची सोय दिली. सोंग घेणाऱ्या अशा सोयीला एम्युलेटर म्हणतात. बहुरूपी जसा घडीभर पोलीस होतो, तसा आजचा लॅपटॉप घडीभर १९९२चा संगणक होतो.

मधल्या काळात ही कला थोड्या जाणकारांपुरतीच उरली होती. आता यंत्रं इतकी वेगवान झालीत, की हे सोंग खिशातल्या फोनवरसुद्धा आणता येतं. २०१५ साली 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेनं डॉसच्या जमान्यातले दोन हजारांवर खेळ थेट ब्राउझरमध्ये चालते करून ठेवले. काही बसवायचं नाही, बटण दाबायचं, की जुना संगणक पडद्यावर हजर.

माझ्या पडद्यावर ती जुनी राखाडी खिडकी उघडली, तेव्हा खोटं कशाला बोलू, घसा दाटला. ऑफिसातली १९९४ची दुपार समोर आली. फ्लॉपीवरच फॉन्टची फाइलही ठेवलेली होती. ती बसवली आणि अम्मीची पहिली ओवी मराठीत दिसली.

जुनं टाकून देता येत नाही, हे माझ्या धंद्यातही रोज दिसतं. कोबोल ही भाषा १९५९ साली आखायला घेतली. माझ्या कोर्सच्या वेळीच लोक म्हणत होते, ती आता संपली. २०२०च्या एप्रिलमध्ये, साथीच्या ऐन भरात, अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्याच्या गव्हर्नरांना जाहीर आवाहन करावं लागलं, की कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत. बेकारभत्त्याचे अर्ज ज्या यंत्रणेवर येत होते, ती जुन्याच वळणाची होती. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचाच बाकी होतो.

मराठी मुखवटा

आता थोडं सोपं करून सांगतो, कारण हा भाग तुमच्याही घरातला आहे. १९९०च्या दशकात ज्यांनी मराठी टाइप केलं, त्यांना आठवत असेल: आपल्या गावी व्यवस्थित दिसणारा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला, की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ व्हायची.

कारण असं. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना आकडे वाटून दिले, त्याला अ‍ॅस्की म्हणतात. एकूण जागा १२८. त्यात इंग्रजी मुळाक्षरं, आकडे, स्वल्पविराम वगैरे मंडळी बसली. देवनागरीला जागाच नव्हती. आपल्याकडे १९९१ साली 'इस्की' हे भारतीय प्रमाण ठरलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं त्यावर मोठं काम केलं. पण छपाईच्या बाजारात चालायचे ते वेगळे फॉन्ट. ते इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र ठेवत. पडद्यावर 'क' दिसायचा. यंत्राच्या लेखी ते भलतंच काहीतरी इंग्रजी अक्षर असायचं. प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी. मुखवटा काढला, की खाली अनोळखी चेहरा.

म्हणून तेव्हाची फाइल दिसली, तरी तिच्यात शोधता येत नव्हतं, अकारविल्हे लावता येत नव्हतं. पहिली वेलांटी घ्या. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि जुने फॉन्टही ती आधीच साठवायचे. पण बोलताना 'क' आधी येतो, 'इ' नंतर.

१९९१च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक, ही त्यामागची भूमिका. देवनागरी पहिल्यापासून त्यात आहे आणि तिची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. पुढच्याच वर्षी, १९९२च्या सप्टेंबरमध्ये, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हे दोघे न्यूजर्सीतल्या एका खानावळीत जेवायला बसले असताना, हे क्रमांक साठवायची युक्ती थॉम्पसननं टेबलावरच्या कागदावर मांडली. तिचं नाव यूटीएफ-८. आज इंटरनेटवर तुम्ही मराठीत जे वाचता, ते जवळजवळ सगळं याच युक्तीवर चालतं. आपलं एक अक्षरचिन्ह तीन बाइट जागा घेतं. इंग्रजीच्या तिप्पट. पण जागा हक्काची!

युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमानं साठवतात, आधी 'क' आणि मग वेलांटी. वेलांटी मागे नेऊन दाखवायचं काम फॉन्टचं. हे मला फार आवडतं. मजकूर वेगळा आणि त्याचं दिसणं वेगळं. आणि ही यादी अजून जिवंत आहे. 'बॅट'मधली अर्धचंद्राची खूण सुरुवातीपासून होती. पण तीच खूण डोक्यावर घेतलेला आपला मराठी 'अ', एकसंध अक्षर म्हणून, युनिकोडमध्ये आला तो २००८ साली. एका अक्षरासाठी कुणीतरी अर्ज करतं, जगभरातली माणसं त्यावर चर्चा करतात आणि मग ते अक्षर कायमचं नोंदलं जातं. मुनिमाच्या वहीत नवं खातं उघडावं तसं.

मी बसून तक्ता केला: जुन्या फॉन्टमधलं कोणतं चिन्ह म्हणजे युनिकोडमधलं कोणतं अक्षर. पावणेदोनशेच्या आसपास ओळी झाल्या. भाचीनं त्यावरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला आणि २१२पैकी २०३ ओव्या खऱ्याखुऱ्या मराठीत आल्या. शोधा म्हटलं की शोधता येतात अशा. उरलेल्या ९ त्या दोन मेलेल्या कप्प्यांत होत्या.

वाचायला शिकलेलं यंत्र

त्यातल्या काहींचा माग एका जुन्या प्रिंटआउटमध्ये लागला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, संपत आलेल्या रिबिनीनं काढलेली दोन पानं. डोळ्यांना जेमतेम दिसणारी. भाची म्हणाली, "मामू, यंत्राला वाचायला देऊ."

यंत्रानं चित्रातलं अक्षर ओळखायचं, ही हौसही जुनीच. १९५८ साली फ्रँक रोझेनब्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 'परसेप्ट्रॉन' दाखवला. मेंदूतल्या पेशींसारखी कृत्रिम जोडणी, नियम न सांगता उदाहरणांवरून शिकणारी. खूण कार्डाच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या, एवढं ती शिकली. पुढे त्याच्या यंत्राला ४०० प्रकाशघट बसवले, म्हणजे जणू ४०० ठिपक्यांचा डोळा. वर्तमानपत्रांनी केवढा गाजावाजा केला! १९६९ साली मिन्स्की आणि पेपर्ट यांनी पुस्तक लिहून या जोडणीच्या मर्यादा दाखवल्या आणि लोकांनी पाठ फिरवली. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी अनेक थरांच्या जोडणीला शिकवायची रीत नीट मांडली. पण यंत्रं हळू आणि उदाहरणं थोडी. पुन्हा पंचवीस वर्षं वाट पाहणं आलं. मग झपाट्यानं दिवस पालटले आणि २०२४ साली हिंटन यांना हॉपफील्ड यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आम्ही वापरलेल्या वाचक-प्रोग्रॅमचं नाव टेसरॅक्ट. त्याची कथाही अशीच. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ साली सुरू झाला, १९९०च्या दशकाच्या मध्यावर थांबला, दहा वर्षं पडून राहिला. २००५ साली तो सर्वांसाठी खुला केला. २०१८च्या आवृत्तीत त्याला वाचण्याची नवी पद्धत मिळाली, ती १९९७ साली मांडलेल्या एका कृत्रिम जोडणीवर आधारलेली. म्हणजे जुन्या घरात जुनाच पाहुणा, पण दोघेही आता नव्यानं कामाला लागलेले. त्याला मराठी येतं. आमच्या पुसट पानांवर त्यानं पुष्कळ ठिकाणी ठेचा खाल्ल्या. पण त्यानं सुचवलेलं आणि आपाच्या आठवणीतलं ताडून बघता बघता ९पैकी ६ ओव्या हाती लागल्या.

तीन उरल्या. त्यांच्या फक्त सुरुवातीच्या दोन-दोन शब्दांची खूण होती. मग भाचीनं हल्लीच्या बोलणाऱ्या यंत्राला विचारलं, की बाकीच्या दोनशे ओव्या वाच आणि या तीन पुऱ्या कर. काही सेकंदांत उत्तर आलं. आणि कवी म्हणून सांगतो, वाईट नव्हत्या. छंद बरोबर, शब्द ओळखीचे, एका ओवीत तर अम्मीची लकब चक्क उतरली होती.

आम्ही त्या घेतल्या नाहीत. हे यंत्र काय करतं, ते मला कळतं. अशा शब्दांच्या पुढे बहुधा कोणते शब्द येतात, याचा ते अंदाज बांधतं. त्या अंदाजामागची करामत मला थक्क करते. पण अम्मी त्या दुपारी जे म्हणाली, ते 'बहुधा' नव्हतं. म्हणून त्या तीन ओव्यांच्या जागी आम्ही टिंबं ठेवली आहेत. हरवलं ते हरवलं, असं लिहून ठेवणं हीसुद्धा नोंदच आहे.

एका पापणीची गोष्ट

सगळं झालं, असं मी समजलो होतो. भाची मात्र हट्टी. तिनं उलटी परीक्षा घेतली. तयार युनिकोड मजकूर परत जुन्या फॉन्टच्या आकड्यांत घालायचा आणि मूळ फाइलशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचा. हिशेबाच्या भाषेत, उलटी बेरीज. मोठ्यांदा म्हणाली, "मामू, गड़बड़ है." एकतीस ठिकाणी जुळत नव्हतं.

चूक माझ्याच तक्त्यात होती. मराठीत 'र' अर्धा होतो तो दोन प्रकारांनी. 'सूर्य' लिहिताना रफार डोक्यावर जातो. 'भाकऱ्या', 'पायऱ्या' लिहिताना तो पापणीसारखी छोटी रेघ होऊन अक्षराच्या पुढे बसतो. जुन्या फॉन्टमध्ये या दोन्हींसाठी दोन वेगळी चिन्हं होती. मी घाईत दोन्हींपुढे रफारच लिहून ठेवला होता. 'भाकर्या' असं उमटलेलं मी वाचताना पाहिलं होतं. पण १९९४ची माझीच टायपिंगची चूक समजून जिथं दिसेल तिथं हातानं सुधारत गेलो होतो. एक शब्द तेवढा सुटला, कारण तो चुकीचा दिसतच नव्हता. त्या शब्दात 'दर्या' उमटलं होतं. दर्या म्हणजे समुद्र. शब्द बरोबर, ओवीतही बसतो. पण मूळ फाइलमध्ये पापणी होती. अम्मीनं सांगितलं होतं 'दऱ्या'.

ती ओवी तिच्या भावाची. दिवाळीला न्यायला भाऊ येतो, कसली वाट तुडवत येतो, ते ती सांगते. माझ्या डोक्यात मात्र कायम समुद्र होता. मी तर पुढे अम्मीवर कविता लिहिली, माझ्या दुसऱ्या संग्रहात ती छापली आहे. तिच्यात माझे मामू दर्या ओलांडून येतात. लोकांनी त्या ओळीचं कौतुकही केलं. एकानं त्यात अरबी समुद्र पाहिला, आणखी एकानं हजची वाट. मीही मान डोलावली.

असं का झालं असेल, याचा विचार करतो. दर्या हा शब्द आमच्या घरच्या बोलीतला. शिवाय लहानपणी अम्मीबरोबर तिच्या माहेराकडे गेलो, तेव्हा दिसायचं ते पाणीच. कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला आणि खोऱ्यातल्या कितीतरी वाटा त्याखाली गेल्या. मी पाहिलं ते पाणी होतं. तिनं पाहिल्या होत्या त्या दऱ्या. तिचा भाऊ पायी येत होता, खाली उतरत आणि वर चढत, डोक्यावर बोचकं घेऊन. माझ्या कवितेनं त्याला होडीत बसवलं होतं.

१९९४ साली ती समोर बसून सांगत होती आणि मी ऐकून टाइप करत होतो. तेव्हा माझ्या बोटांनी बरोबर लिहिलं. नंतर माझ्या आठवणीनं बदललं. आणि तीस वर्षांनी चकतीवर काही मायक्रोसेकंदांच्या अंतरानं उमटलेल्या चुंबकाच्या ठोक्यांनी साक्ष दिली. युनिकोडमध्ये या पापणीसाठी सोय आहे. नुक्ता दिलेला 'ऱ', त्याला हलन्त आणि पुढे 'य'. तीन क्रमांक. मी ते तक्त्यात घातले. पुन्हा उलटी बेरीज केली. आता एकही फरक नव्हता.

तुमच्याही घरात असेल

हे सगळं एवढं सांगितलं, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात अशी एखादी चकती, सीडी किंवा जुन्या फॉन्टमधली फाइल पडून असणार. वडिलांचे लेख, गावाचा इतिहास, संस्थेची कार्यवृत्तं, कुणाची पत्रं. तीन गोष्टी करा. मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. सजावट मरते, साधा मजकूर टिकतो. मूळ फाइल आणि फॉन्ट मात्र फेकू नका; शंका आली तर साक्ष त्यांचीच. आणि प्रती करा. निदान तीन, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी.

मोठ्या संस्थाही हेच करतात. संगणकाला चुंबकीय फीत जोडली गेली ती १९५१ साली, आणि ती कधीच गेलेली नाही. २०२१ साली आलेल्या फितीच्या एका पेटीत १८ टेराबाइट मजकूर मावतो. २०२० साली तर जगभरच्या खुल्या प्रोग्रॅमांचा साठा उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमधल्या एका बंद कोळसाखाणीत नेऊन ठेवला. कशावर? १८६ रिळं फिल्मवर! कारण फिल्म उजेडात धरली आणि भिंग लावलं, की दिसते. वाचणारं यंत्र उद्या असो वा नसो.

अम्मीच्या ओव्या आता आपाच्या घरी, भाचीकडे आणि माझ्याकडे अशा तीन ठिकाणी आहेत. शिवाय चांगल्या कागदावर एक छापील प्रत काढली. कागद सडतो, असं मी तेव्हा अम्मीला सांगितलं होतं. आता कागदालाही सोबतीला घेतलंय.

संग्रहाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तोवर माझ्या टेबलावरच्या प्रतीत मी शाईनं 'दर्या' खोडून 'दऱ्या' केलं आहे. ओळ आता थोडी खडबडीत झाली, गाताना अडखळते. पण मामू चालतच यायचे.